गवत सोडून पलीकडचं

म्हापशात, पोस्टाच्या मागल्या बोळात,
आगुस्तीनच्या दुकानी दुर्बिणी मिळतात, होकायंत्रं,
गळाच्या दोऱ्या,
आणि एक बॅरोमीटर, जो कधीच विकला गेला नाही.
झिलू परबनं काउंटरवर टोपी ठेवली, म्हणाला,
'अंतर मोजतं तें दाखय.'

आगुस्तीननं तीन मांडली.
पहिलं गोल्फवाल्यांचं, पांढरं, गुळगुळीत,
झेंडा सापडला की थरथरतं
मुठीत धरलेल्या भुंग्यासारखं.
दुसरं स्वस्त, आकडे काळे.
तिन्हीसांजेला झाडाच्या काळ्यावर
काळे आकडे कोण वाचणार?
तिसरं जड, रबराच्या सालीचं, आकडे तांबडे,
चष्म्यासकट डोळा लावता येतो,
चढ-उताराचा हिशेब आपणच करतं.
हजार मीटर लिहिलंय, आगुस्तीन म्हणाला,
पण ते हजार कातळावरचे.
जनावरावर चारशेसुद्धा कठीण,
केस उजेड पिऊन टाकतात.

मग त्यानं आवाज उतरवला:
'मारतलो कितें? कायदो आसा, झिलूबाब.'
झिलूची बंदूक केव्हाच ठाण्यात जमा आहे.
पावती तो आधारकार्डाबरोबर ठेवतो.
त्यानं एवढंच विचारलं,
'जवळचं किती जवळ मोजतं?'

हे सहसा कुणी विचारत नाही.
आगुस्तीननं पुस्तिका उलटीपालटी केली. पाच मीटर.
आणि एक बटण दाखवलं
जे समोरचं गवत सोडून देतं
आणि पलीकडचं धरतं.
झिलूनं ते बटण चारदा दाबलं.
दारात उभा राहून बोळ मोजला:
पोदेराची सायकल, एकोणीस.
खुरीस, त्रेसष्ट.
माझ्यावर रोखलं तेव्हा
मी नकळत बाजूला सरकलो.

आधी अंतरं वेगळी होती.
एका हाकेवर. दोन हाकांवर.
डोकं मुठीएवढं दिसलं तर मार,
बोराएवढं दिसलं तर थांब.
'गवत वाढलेलं, उजेड गेलेला,
शंभर पावलं तरी असतील,
शंभरावर माणूस काय नि डुक्कर काय':
पंचायतीत, फौजदारापुढे,
मग चाळीस वर्षं लग्नांत, मयतीत,
झिलू हेच सांगत आला,
कुणी विचारलं नाही तरी.

पैसे त्यानं काजूबियांचे दिले, सुटे, दोनदा मोजून.
पेट्रोल माझं.

इब्रामपूरच्या सड्यावर पोचलो तेव्हा
ऊन अजून पांढरं होतं.
कडक उन्हात यंत्र फसतं, असं आगुस्तीननं बजावलेलं,
म्हणून बसलो.
भजीपावाचे दोन घास खाऊन
झिलूनं पुडी बांधून ठेवली.
ऑक्टोबरचं गवत कमरेइतकं.
एक टिटवी आमच्यावर ओरडत फिरत होती,
तिची अंडी असायचे हे दिवस नव्हेत, तरी.

मग तो एका कातळापाशी गेला,
इतर कातळांसारखाच कातळ,
आणि त्यावर पाय रोवले,
न शोधता, न चाचपता.
'त्या कुंभ्याकडे जा,' मला म्हणाला.

कुंभा मी लहानपणापासून ओळखतो.
बाबा इथून जाताना
आधी लंगडा पाय टाकायचे, मग धड,
आणि झाडाकडे बघायचे नाहीत.
छर्रे काढलेल्या डॉक्टरचं नाव मात्र
शेवटपर्यंत आठवत होतं त्यांना.

मी झाडाला पाठ टेकून उभा राहिलो.
त्यानं यंत्र डोळ्याला लावलं. काढलं.
सदऱ्याच्या टोकानं पुसलं. परत लावलं.
एकदा गवतासकट,
एकदा गवत सोडून.
आतला तांबडा आकडा मला दिसत नव्हता.
तो दिसत होता,
चष्म्याला बांधलेल्या सुतळीसकट.

'किती?' मी ओरडलो.

'एकतीस,' तो म्हणाला.
ओरडला नाही.
मला ऐकू आलं.